शर्यतीचे पाठभेद



आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. वय पंचेचाळीसच्या घरात. शाळकरी वयात, म्हणजे १९९० नंतरच्या पाचसात वर्षांत, त्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. त्यातील ‘रोड फायटर’ नावाच्या मोटारशर्यतीच्या खेळात त्यांचा हात धरणारा आळीत कोणी नव्हता, असे ते सांगतात, आणि त्यांच्या आळीतली इतर मंडळीही ते नाकारीत नाहीत. गेल्या दिवाळीत त्यांच्या मुलाने तोच खेळ संगणकावर शोधून काढला आणि वडिलांपुढे ठेवला. वडील मोठ्या उत्साहाने बसले. पहिल्याच टप्प्यात गाडी पुन्हापुन्हा फुटली, आणि अखेर पेट्रोल संपले. चार दिवस हीच तऱ्हा. पाचव्या दिवशी ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, ‘‘सर, हात गेले हो माझे. डोळ्यांना दिसते, पण हात वेळेवर वळत नाही. एकदा डॉक्टरांना दाखवावे म्हणतो.’’

आम्ही त्यांना म्हटले, डॉक्टरांकडे खुशाल जा, पण या कारणासाठी जाऊ नका. तुमचा हात पूर्वीइतका चपळ राहिला आहे की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. परंतु तुमच्यापुढे मुलाने ठेवलेला खेळ हा तुमच्या लहानपणीचा खेळ नव्हे, एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो.

हे आम्ही कशाच्या आधाराने म्हटले, ते सांगण्यासाठी आज आपला तासभर घेणार आहोत. वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर मुलांच्या खेळाचा विषय कशाला, असे काही ज्येष्ठ श्रोत्यांच्या मनात आले असेल. त्यांना आमची एवढीच विनंती की, विषय संपेपर्यंत निर्णय राखून ठेवावा. ज्या करमणुकीपुढे दोन पिढ्यांनी आपल्या दुपारी घालविल्या, तिची चौकशी करण्यात काही कमीपणा आहे असे आम्हांस वाटत नाही.

प्रथम थोडी साधनांची ओळख. टीव्हीला जोडावयाचे यंत्र म्हणजे कन्सोल. खेळ असतो तो त्यात खोचावयाच्या प्लास्टिकच्या डबीत. आपल्याकडील मुले तिला ‘कॅसेट’ म्हणत, आणि आम्हीही तोच शब्द वापरणार आहोत. यंत्र एकट्याने काही दाखवू शकत नाही. त्याला टीव्हीचा पडदा लागतो, आणि टीव्ही त्या त्या देशाच्या रीतीने चालतो. साऱ्या प्रकरणाचे मूळ येथे आहे.

टीव्हीवरील चित्र स्थिर असते असे आपल्याला वाटते. वस्तुतः ते सेकंदाला अनेक वेळा नव्याने रेखले जात असते. किती वेळा रेखावे, हे ठरले ते विजेच्या तारांवरून. अमेरिकेत घरोघरी येणाऱ्या विजेची आवर्तने सेकंदाला ६०, युरोपात ५०. जुन्या टीव्हीत विजेचा आणि चित्राचा ठेका जुळला नाही तर पडद्यावर पट्टे सरकू लागत. म्हणून ज्या देशात जशी वीज, तसा तेथील टीव्हीचा ठेका ठेवण्यात आला. अमेरिकेने १९४१ साली ५२५ रेघांची आणि सेकंदाला ६० ठेक्यांची पद्धत ठरविली व १९५३ मध्ये तिच्यात रंग भरला, ही एनटीएससी. जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीच्या वॉल्टर ब्रुख यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रंगीत चित्राची निराळी पद्धत सिद्ध केली. ६२५ रेघा आणि ५० ठेके यांच्या जोडीने ती युरोपात बहुतेक ठिकाणी रूढ झाली, ही पाल. रंग भरताना अमेरिकेचे साठ हे नेमके साठ न राहता किंचित कमी झाले, पण त्या अपूर्णांकात आपण शिरू नये.

जपानची गंमत येथेच सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोक्योच्या वीज कंपनीने आपली जनित्रे जर्मनीहून आणली, ती ५० आवर्तनांची. ओसाकाच्या कंपनीने अमेरिकेहून आणली, ती ६० आवर्तनांची. त्या दोन खरेद्यांचा वारसा जपानला अजून सुटलेला नाही. फुजी नदीच्या पूर्वेस पन्नास, पश्चिमेस साठ, अशी ही एका देशातील दोन राज्ये आजही नांदत आहेत, आणि २०११ च्या भूकंपानंतर पश्चिमेकडील वीज पूर्वेकडे पुरेशी वळविता आली नाही तेव्हा या जुन्या सौद्याची किंमत साऱ्या देशाला कळली. पण १९५३ मध्ये जपानात टीव्ही आला तो मात्र सर्वत्र अमेरिकन धर्तीचा, साठ ठेक्यांचा. त्यामुळे क्योतो शहरातील निन्तेंदो कंपनीने जे खेळ रचले, ते साठच्या ठेक्यावर रचले गेले. तिच्या कारागिरांच्या दृष्टीने सेकंद म्हणजे साठ चित्रे, आणि खेळातील प्रत्येक हालचाल त्या साठांत मोजलेली.

‘मोजलेली’ या शब्दावर आम्ही थोडा भर देतो. आज आपण वापरतो त्या संगणकात स्वतंत्र घड्याळ असते, आणि गाडी ताशी किती वेगाने गेली याचा हिशेब त्या घड्याळावरून होतो. जुन्या कन्सोलचे खेळ इतके श्रीमंत नव्हते. पडद्याचे एक चित्र संपले की यंत्राला इशारा मिळे. त्या इशाऱ्यासरशी गाडी एक पाऊल पुढे टाकी, शत्रूची गाडी एक पाऊल सरके, पेट्रोलातून एक थेंब वजा होई, आणि मग पुढच्या इशाऱ्याची वाट. तबलजीने लय धरावी आणि गाणारा, नाचणारा, पेटी वाजविणारा अशा सर्वांनी तिच्यावर चालावे, तशी ही व्यवस्था होती. ती लय ज्या टीव्हीकडून येते तो टीव्ही बदलला, सेकंदाला साठऐवजी पन्नासच मात्रा पडू लागल्या, तर काय होईल? मैफल तीच राहील, पण सारीच्या सारी संथ होईल. सहा मिनिटांतली पाच मिनिटेच जणू वाजतील. हिशेबाने बोलावयाचे तर, साठ सेकंदांची फेरी बहात्तर सेकंदांची होईल.

ज्यांनी दादासाहेब फाळके यांच्या काळचे मूकपट पाहिले आहेत, त्यांना याची उलट बाजू ठाऊक असेल. ते पट सेकंदाला साधारण सोळा चित्रांच्या हिशेबाने हाताने घेतलेले. पुढे बोलपटाच्या यंत्रावर ते चोवीसने फिरविले गेले, आणि मग राजे, ऋषी सारेच लगबगीने धावताना दिसू लागले. प्रेक्षक हसले. फाळक्यांनी ती माणसे धावविली नव्हती.

आता एका प्रसिद्ध शर्यतीकडे वळू. ‘सुपर मारिओ कार्ट’ हा खेळ जपानात ऑगस्ट १९९२ मध्ये निघाला, अमेरिकेत सप्टेंबरमध्ये, युरोपात १९९३ च्या आरंभी. जगभर त्याच्या सुमारे ८७ लाख प्रती गेल्या. तादाशी सुगियामा व हिदेकी कोन्नो हे त्याचे दिग्दर्शक, शिगेरू मियामोतो निर्माते. याआधी याच कंपनीने १९९० साली ‘एफ-झीरो’ ही शर्यत काढली होती, पण तीत एकाच माणसाला खेळता येई. दोघांना शेजारी बसून खेळता येईल अशी शर्यत करावी, या इच्छेतून नवा खेळ जन्मला. पडदा आडवा दुभागला, वरचा अर्धा एकाला, खालचा दुसऱ्याला. यासाठी कॅसेटमध्येच गणिताचा एक जादा तुकडा बसवावा लागला. प्रारंभी गाडीत बसलेला माणूस कोणी अनोळखी कामगार वेषातला होता. त्याच्या जागी मारिओ बसला तो काही महिन्यांनी. जगभर जो खेळ मारिओचा म्हणून ओळखला जातो, त्यात मारिओ मागाहून आला, हे आम्हांस मोठे मौजेचे वाटते.

या खेळाच्या जपानी आणि पाश्चात्त्य प्रतींत जे फरक आहेत, त्यांपैकी सर्वांत गाजलेला फरक शँपेनचा. मोटारशर्यतीच्या विजेत्याने शँपेन उडविण्याची प्रथा अमेरिकन शर्यतपटू डॅन गर्नी याने १९६७ मध्ये फ्रान्समधील ल माँ येथे पाडली, असे मानतात. खेळात हीच प्रथा आली. जपानी प्रतीत राजकन्या पीच जिंकली की बाटली तोंडाला लावते, आणि कासवांचा राजा कुप्पा हाही तेच करतो. अमेरिकेतील शाखेचे नियम त्या काळी फार सोवळे होते; मद्य, तंबाखू, धर्मचिन्हे यांना खेळात मज्जाव. त्यामुळे पाश्चात्त्य प्रतीत बाटली राहिली, पण पिणे गेले. जिंकल्यावर घोट घ्यावयाचा नाही, बाटली नुसती मिरवावयाची! आम्हांस हा प्रकार आपल्याकडील जुन्या नाटकांच्या शालेय आवृत्त्यांसारखा वाटतो. शृंगाराची पाने गाळतात, पण नायिका ठेवतात.

नावांचेही असेच. जपानात राजाचे नाव कुप्पा, आणि त्याच्या पदरचे जे सामान्य कासव शर्यतीत उतरते, त्याचे नाव नोकोनोको; निवांत, बेफिकीर चालीला जपानीत हा शब्द आहे. इंग्रजीत राजा झाला बाऊझर, आणि ‘कूपा’ हे राजाचे नाव उतरून प्रजेतील कासवाला मिळाले. एका देशातील मुलाने ‘कुप्पाने मला हरविले’ म्हटले, तर दुसऱ्या देशातील मुलाच्या डोळ्यांपुढे भलतेच जनावर उभे राहील.

पुढचा खेळ ‘मारिओ कार्ट ६४’. तो जपानात डिसेंबर १९९६ मध्ये आला. त्याच्या रस्त्याकडेच्या फलकांवर खऱ्या जाहिरातींची थट्टा होती. मार्लबरो सिगारेटच्या धर्तीवर एक फलक ‘मारिओरो’चा होता. १९९७ मध्ये हा खेळ बाहेर गेला तेव्हा असे फलक बदलले. ‘ग्रॅन तुरिस्मो’ या १९९७ च्या शर्यतीत तर सुरुवातीचे संगीतच निराळे. जपानी प्रत मासाहिरो आंदो यांच्या वाद्यरचनेने उघडते, पाश्चात्त्य प्रत ब्रिटिश मंडळींच्या गाण्याने.

या सर्व फरकांवर लोक आवडीने बोलतात, चित्रे शेजारी ठेवून दाखवितात. आमचा त्यांना आक्षेप नाही. परंतु आमच्या मते हे वरवरचे फरक होत. ते कोणीतरी विचारपूर्वक केले. ज्याने केले त्याला कारण विचारता येते. आणि कारण पटले नाही तर वाद घालता येतो. बाटली ओठांना लागली काय, न लागली काय, वळणावर गाडी तशीच वळते.

जो फरक कोणी ठरवून केला नाही, कॅसेटच्या खोक्यावर कोठे छापला नाही, आणि तरी ज्याने खेळाचा प्राणच बदलला, तो लयीचा फरक. युरोपातील मुलाला साठच्या ठेक्यावर रचलेला खेळ पन्नासच्या ठेक्यावर मिळाला. त्यातच युरोपी पडद्यावर रेघा अधिक. जपानी हिशेबाने काढलेले चित्र त्यावर पुरेना. म्हणून वर आणि खाली काळे पट्टे, आणि मध्ये चेपलेले, बसके चित्र. मारिओ मुळातच बुटका. तिकडे तो आणखी बुटका झाला. सेगा कंपनीचा ‘सॉनिक’ हा १९९१ चा खेळ मोटारींचा नव्हे, पण वेग हेच त्याचे सारे भांडवल. युरोपी यंत्रावर तो निळा साळू सुमारे सतरा टक्के संथ धावे, आणि त्याचे संगीतही त्याच लयीला बांधलेले असल्याने तेही रेंगाळे. निन्तेंदोच्या यंत्रात आवाजाच्या भागाला स्वतःचे घड्याळ होते. त्यामुळे अनेक खेळांत संगीत पूर्वीच्याच लयीत आणि चित्र मात्र संथ, अशी फारकत होई. वाढलेल्या मुलांना यातले काहीच खटकले नाही. खटकण्यासाठी दुसरी प्रत पाहिलेली असावी लागते.

आणि ती पाहता येऊ नये याची तजवीज होती. अमेरिकन आणि जपानी यंत्रांच्या आत एकाच तऱ्हेची कुलपाची चिप होती. जपानी कॅसेट अमेरिकन यंत्रात अडविणारी गोष्ट म्हणजे खाचेतील प्लास्टिकचे दोन दात. कित्येकांनी ते पकडीने उपटले आणि काम भागविले. उलट युरोपी यंत्राचा आकार जपानीसारखाच, कॅसेट बिनबोभाट आत बसे, पण आतील चिप निराळी असल्याने खेळ सुरूच होत नसे. दार उघडे आणि आत पहारेकरी, असा तो मामला.

‘मग खेळ रचणाऱ्यांनी युरोपसाठी दुरुस्ती का केली नाही?’ असा प्रश्न येईल. काहींनी केली. दुरुस्ती म्हणजे काय, तर ठेके कमी पडतात म्हणून प्रत्येक पाऊल थोडे लांब टाकावयाचे. पाच अंगुळांचे पाऊल सहा अंगुळांचे करावयाचे. वेग भरून निघतो. पण गाडी भिंतीला कोठे लागते, उडी कोणत्या क्षणी संपते, वळताना घसरण कोठे सुरू होते, हे सारे पावलांच्या हिशेबावर असते. पाऊल बदलले की त्या सूक्ष्म जागा हलतात. म्हणजे दुरुस्ती न केलेला खेळ संथ, आणि केलेला खेळ वेगळा. हुबेहूब तोच खेळ पन्नासच्या पडद्यावर आणणे ही गोष्ट सोपी नव्हती. कंपन्यांना हे कष्ट न परवडल्याचे आम्ही समजू शकतो. पण किंमत पूर्ण घेतली आणि गिऱ्हाइकाला चकार शब्द सांगितला नाही, हे बरे झाले असे काही आम्हांस म्हणवत नाही.

‘सुपर मारिओ कार्ट’मध्ये वेळेचे विक्रम करण्याची हौस बाळगणारे खेळाडू तीन दशके उलटल्यावरही आहेत. एकट्याने रस्त्यावर पाच फेऱ्या मारावयाच्या आणि सेकंदाच्या शतांशापर्यंत वेळ नोंदवावयाची. ही मंडळी दोन याद्या ठेवतात, एक पन्नासच्या प्रतीची आणि दुसरी साठच्या. एका यादीतील वेळ दुसऱ्या यादीत चालत नाही. विद्यापीठाच्या पदव्या नसलेल्या या लोकांनी कोणी न सांगता जी शिस्त पाळली, तिला आमच्याकडे एक जुना शब्द आहे. तो म्हणजे पाठभेद.

पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. १९१९ मध्ये आरंभ, १९६६ मध्ये पूर्तता. डॉ. विष्णू सीताराम सुखठणकर यांनी १९२५ पासून तिची घडी बसविली. उत्तरेकडील पोथ्या एक सांगतात, दक्षिणेकडील दुसरे. संपादकांनी उपलब्ध पोथ्यांतून शक्य तितका जुना पाठ वर छापला, आणि बाकीचे सारे पाठ तळटीपांत जपले. एकही फेकून दिला नाही. पोथ्यांत जे बदल होतात ते दोन जातींचे असतात, हे या कामातील माणसे जाणतात. एक, लेखकाने जाणूनबुजून केलेला. त्याला एखादा श्लोक अनुचित वाटला, त्याने तो सुधारला. दुसरा, नकलताना हातून नकळत झालेला. शँपेनची बाटली ही पहिल्या जातीची. पन्नास आणि साठ हा दुसऱ्या जातीचा भेद. फक्त येथे नक्कल करणारा माणूस नव्हता, विजेची तार होती.

मग मूळ पाठ कोणता? क्योतोत रचलेल्या खेळापुरते उत्तर सरळ आहे: साठचा. पण प्रत्येक ठिकाणी साठ म्हणजे मूळ आणि पन्नास म्हणजे बिघडलेली प्रत, असा नियम करू पाहाल तर फसाल. ‘वाइपआउट’ ही तरंगत्या यानांची शर्यत १९९५ साली इंग्लंडातील लिव्हरपूल येथे सायग्नोसिस या संस्थेने केली. ती ज्या देशात रचली गेली, तेथील पडदा पन्नासचा.

दुसरे असे की, मूळ कोणते हे कळल्याने ज्यांनी दुसरी प्रत अनुभवली त्यांचे काय, हा प्रश्न सुटत नाही. बाकी सारी प्रत संथ झाली तरी एक वस्तू संथ होत नाही, ती म्हणजे खेळणारा. समोरची गाडी पडद्याच्या माथ्यापासून आपल्यापर्यंत येण्यास तीस चित्रे लागतात असे धरू. साठच्या पडद्यावर तो अर्धा सेकंद झाला. पन्नासच्या पडद्यावर सेकंदाचे सहा दशांश. डोळ्याची पापणी लवावी एवढे हे अंतर. पण वळावे की थांबावे हे ठरविण्यास तेवढेच हवे असते. गाडीही संथ, शत्रूही संथ, पेट्रोल संपणेही संथ, आणि या साऱ्यांत माणसाचे मन मात्र आपल्या मूळच्या गतीने चालते. म्हणून त्याला अवकाश मिळतो. या अवकाशात त्या मुलांनी आपली वळणे घेण्याची पद्धत बसविली. तो त्यांचा खेळ होता. तो कमी प्रतीचा होता असे त्यांना कोणी सांगितले तर ते त्यांनी का मानावे, हे आम्हांस कळत नाही.

हल्ली हा भेद मिटत चालला आहे. हातात धरावयाच्या यंत्राला टीव्ही लागत नाही. त्यामुळे २००१ मध्ये ‘मारिओ कार्ट’ प्रथमच अशा यंत्रावर आले तेव्हा साऱ्या जगात ते एकाच लयीत धावले. सेगाच्या ड्रीमकास्ट यंत्रावर १९९९ पासून युरोपातील अनेक खेळांत आरंभीच ‘पन्नास की साठ’ असा पर्याय मिळू लागला. पुढे २०१७ साली निन्तेंदोने जुने खेळ भरलेले छोटे यंत्र पुन्हा बाजारात आणले, तेव्हा युरोपातही अमेरिकन, साठच्या प्रतीच घातल्या. लोकांनी स्वागत केले. आम्हीही करतो. पण त्यामुळे एक गोष्ट घडली आहे. ज्या मुलांनी पन्नासच्या पडद्यावर बालपण घालविले, त्यांना आज दुकानातून विकत आणलेला खेळ मूळच्याहून एक पंचमांशाने अधिक वेगवान भेटतो. त्यांचा पाठ तळटीपेतसुद्धा राहिलेला नाही.

आता आपण आपल्या घरी येऊ. भारतात वीज पन्नास आवर्तनांची, इंग्रजांच्या रीतीने. दिल्लीत दूरदर्शन १९५९ मध्ये सुरू झाले, मुंबईत १९७२ मध्ये. १९८२ साली आशियाई खेळांच्या निमित्ताने रंग आला तो पाल पद्धतीचा. १९९० नंतर आपल्या बाजारांत जे व्हिडिओ गेम आले, ते बहुतेक निन्तेंदोच्या जुन्या यंत्राच्या अनधिकृत नकला. कॅसेटवर लाखो खेळ असल्याचा आकडा छापलेला असे, आणि आत तेच आठदहा खेळ नावे बदलून पुन्हापुन्हा येत. हा आकडा खरा धरून सुट्टीत एकेक खेळ तपासीत बसलेली मुले आम्ही पाहिली आहेत. त्या आठदहांत ‘रोड फायटर’ बहुधा असे. कोनामी कंपनीचा हा खेळ. १९८४ मध्ये नाण्याच्या यंत्रावर आला, १९८५ मध्ये जपानी घरगुती यंत्रावर. तांबडी गाडी, उजवीकडे घटत जाणारे पेट्रोल, बी बटण दाबले की ताशी ४०० किलोमीटरपर्यंत चढणारा आकडा, आणि काही काळ न धडकता गेलात तर बाजूने उडत जाणारा एक माणूस. मुले त्याला सुपरमॅन म्हणत, वास्तविक तो कोनामीचा स्वतःचा मानकरी. युरोपात हा खेळ अधिकृतपणे १९९२ मध्ये निघाला, उत्तर अमेरिकेत त्या यंत्रासाठी निघालाच नाही. आपल्याकडे आला तो जपानी कॅसेटची नक्कल होऊन.

जपानी नक्कल आणि पालचा पडदा. साधारणपणे ही नकली यंत्रे आपल्या टीव्हीला जुळावीत म्हणून पन्नासच्या ठेक्याने चालत, आणि आत खेळ होता तो साठसाठी रचलेला. आकडा ४०० दाखवी, गाडी मात्र क्योतो-ओसाकाकडील मुलाच्या गाडीच्या पाच षष्ठांश वेगाने धावे. आमच्या गृहस्थांनी आळी जिंकली ती या रस्त्यावर. तीस वर्षांनी त्यांच्या मुलाने संगणकावर जो प्रोग्राम लावला, तो जुन्या यंत्राचे सोंग घेणारा. त्याला इम्युलेटर म्हणतात. न सांगता तो साठच्याच ठेक्याने चालतो. गृहस्थांच्या हाताला पन्नासची सवय, पडदा साठचा. गाडी फुटणारच.

आम्ही त्यांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘म्हणजे आम्ही खेळलो ते खोटे?’’ आम्ही म्हटले, ‘‘पोथी दक्षिणेची आहे म्हणून कोणी तिला खोटी म्हणत नाही.’’

अशा काही इम्युलेटरांत पद्धत निवडण्याची सोय असते. एनटीएससी, पाल, आणि काहींत तिसरी ‘डेंडी’ नावाची. रशियात १९९२ पासून विकल्या गेलेल्या अशाच एका नकली यंत्राच्या नावावरून ती पडली आहे, आणि आपल्याकडील नकली यंत्रांच्या चालीला तीच अधिक जवळची. आम्ही ती लावून पाहावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. सुरुवातीची छोटी धून वाजताच अंगावर काटा आला, म्हणाले. लय ओळखीची वाटली. पहिला टप्पा पार, दुसरा पार, तिसऱ्यात पुलाच्या अलीकडे पेट्रोल संपले. लहानपणीही तेथेच संपत असे.

मुलगा शेजारी बसून पाहत होता. त्याने नंतर स्वतः खेळून पाहिले आणि, ‘‘बाबा, हे फारच सावकाश आहे,’’ म्हणून पुन्हा साठ लावले. आता घरात दोघेही खेळतात. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या मागील पानावर गुण लिहिण्यासाठी दोन रकाने आखले आहेत. एकावर लिहिले आहे साठ, दुसऱ्यावर पन्नास.